सागरी संरचना व जहाजे यांच्या अभिकल्पासाठी चरम पर्यावरणीय भारांचे अनुमान : संकल्पना, पद्धती आणि मर्यादा

सारांश

समुद्रातील तेल-उत्खननाचे प्लॅटफॉर्म, बंदरांचे लाटरोधक बांध आणि महासागरी जहाजे यांचा अभिकल्प करताना त्यांना आयुष्यात सोसाव्या लागणाऱ्या सर्वांत मोठ्या लाटा, वारे आणि प्रवाह यांचा अंदाज आधीच बांधावा लागतो. हा अंदाज थोड्या वर्षांच्या नोंदींवरून दीर्घ काळाविषयी केलेला असतो. प्रस्तुत लेखात ‘पुनरावर्तन काळ’ या संकल्पनेचा अर्थ, लाटांचे लघुकालीन व दीर्घकालीन सांख्यिकीय वर्णन, लाटेपासून भारापर्यंतची गणितप्रक्रिया आणि तीतील अनिश्चिततेचे स्वरूप विशद केले आहे. उत्तर समुद्र, मेक्सिकोचे आखात, वायव्य प्रशांत महासागर आणि अरबी समुद्र येथील घटनांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, अभिकल्पातील ‘चरम लाट’ ही निसर्गात सापडलेली वस्तुस्थिती नसून ते एक अनुमान आहे, आणि अनिश्चिततेशिवाय सांगितलेले असे अनुमान अपुरे ठरते.

बीजशब्द : चरम मूल्य सिद्धांत, पुनरावर्तन काळ, लक्षणीय लाट-उंची, सागरी संरचना, अनिश्चितता.

१. प्रस्तावना

जमिनीवरील इमारतीवर येणारा बहुतांश भार हा तिच्या स्वतःच्या वजनाचा आणि वापराचा असतो. तो बऱ्याच अंशी मोजता येतो व नियंत्रितही करता येतो. समुद्रातील संरचनेचे तसे नाही. तिच्यावरील निर्णायक भार लाटा, वारा आणि प्रवाह यांच्याकडून येतो, आणि यांपैकी कशावरही अभियंत्याचे नियंत्रण नसते. संरचनेने दररोजच्या लाटा सोसल्या, हे तिच्या सुरक्षिततेचे प्रमाण होऊ शकत नाही. पंचवीस वर्षांत एखाद्याच रात्री येणाऱ्या वादळात ती टिकते की नाही, यावर तिच्यावरील माणसांचे जीवित अवलंबून असते.

येथेच मूलभूत अडचण निर्माण होते. समुद्राच्या एखाद्या ठिकाणी लाटांच्या विश्वसनीय नोंदी बहुधा दहा, वीस किंवा फार तर चाळीस वर्षांच्या उपलब्ध असतात. अभिकल्पासाठी मात्र शंभर वर्षांतून किंवा दहा हजार वर्षांतून सरासरी एकदा ओलांडल्या जाणाऱ्या लाटेची उंची हवी असते. जे कधी पाहिलेलेच नाही त्याचे मोजमाप सांगणे, असे या कार्याचे स्वरूप आहे. गणित, सांख्यिकी, भौतिकी, हवामानशास्त्र आणि अभियांत्रिकी या सर्व शाखा येथे एकत्र येतात. म्हणूनच हा विषय केवळ सागरी अभियंत्यांपुरता मर्यादित राहत नाही. अपुऱ्या माहितीवरून गंभीर निर्णय घेण्याची शास्त्रीय रीत कोणती, हा व्यापक प्रश्न त्यात अनुस्यूत आहे.

२. ‘शंभर वर्षांची लाट’ या संज्ञेचा अर्थ

‘शंभर वर्षांची लाट’ या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. अशी लाट एकदा येऊन गेली की पुढील शंभर वर्षे निश्चिंत राहावे, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षात ती उंची ओलांडली जाण्याची संभाव्यता एक टक्का आहे, एवढेच त्यातून सूचित होते. पुनरावर्तन काळ म्हणजे त्या वार्षिक संभाव्यतेचा व्यस्तांक होय. ते कालगणनेचे वेळापत्रक नव्हे.

यावरून निघणारे आकडे उद्बोधक आहेत. प्रत्येक वर्ष परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर एका वर्षात ती उंची न ओलांडली जाण्याची संभाव्यता ०.९९ येते. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात ती एकदाही न ओलांडली जाण्याची संभाव्यता म्हणजे ०.९९ चा पंचविसावा घात, अर्थात सुमारे ०.७८. याचा अर्थ असा की, पंचवीस वर्षे उभ्या राहणाऱ्या संरचनेला ‘शंभर वर्षांच्या’ लाटेहून मोठी लाट गाठण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. शंभर वर्षांच्या कालावधीतही ही शक्यता १०० टक्के नसून सुमारे ६३ टक्के आहे.

पाचांत एक ही जोखीम मानवी वस्ती असलेल्या संरचनेसाठी अर्थातच स्वीकारार्ह नाही. म्हणून अभिकल्पात शंभर वर्षांच्या भाराला सुरक्षा-गुणकाने वाढवले जाते, आणि संरचनेचे सामर्थ्य त्याहून अधिक ठेवले जाते. नॉर्वेच्या मानकांमध्ये याखेरीज दुसरी पायरीही आहे. वार्षिक संभाव्यता दहा हजारांत एक असलेल्या भारापुढे संरचनेची काही हानी झाली तरी चालेल, परंतु ती कोसळता कामा नये, अशी ती अट होय. दहा हजार वर्षांच्या पुनरावर्तन काळासाठी पंचवीस वर्षांतील जोखीम सुमारे पाव टक्क्यापर्यंत खाली येते. मात्र जोखीम जितकी कमी करावी तितके अनुमान नोंदींच्या कक्षेपासून दूर जाते, आणि तितकेच ते अनिश्चितही होते.

३. लघुकालीन वर्णन : एका वादळातील लाटा

समुद्राचा पृष्ठभाग अनियमित असतो. कोणत्याही दोन लाटा सारख्या नसतात. त्यामुळे एकेका लाटेऐवजी ‘समुद्रस्थिती’चे वर्णन करण्याची पद्धत रूढ झाली. साधारणतः तीन तासांच्या अवधीत समुद्रस्थिती स्थिर मानली जाते. त्या अवधीतील सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी म्हणजे ‘लक्षणीय लाट-उंची’. अनुभवी खलाशी नुसत्या नजरेने समुद्राची जी उंची सांगतो, तिच्याशी हे माप साधारणतः जुळते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी १९५२ मध्ये असे दाखवले की, लाटांच्या ऊर्जेचे वारंवारतांमधील वितरण अरुंद असेल, तर एकेका लाटेची उंची ‘रेले वितरणा’नुसार वागते. लक्षणीय उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी लाट येण्याची संभाव्यता या नियमानुसार सुमारे तीन हजारांत एक इतकी आहे. तीन तासांत सुमारे एक हजार लाटा येतात असे धरल्यास त्यांतील सर्वांत मोठी लाट बहुधा लक्षणीय उंचीच्या १.८६ पट असते. लक्षणीय उंची १२ मीटर असलेल्या वादळात तीन तासांतील सर्वांत उंच लाट सुमारे २२ मीटरची असेल, असे यावरून म्हणता येते.

या नियमाची कसोटी पाहणारी एक प्रसिद्ध नोंद १ जानेवारी १९९५ रोजी झाली. उत्तर समुद्राच्या नॉर्वेकडील भागातील ड्रॉपनर या वायुवाहिनी-संकुलाच्या प्लॅटफॉर्मवर खाली रोखलेले लेसर-उपकरण बसवलेले होते. त्या दिवशी लक्षणीय उंची सुमारे १२ मीटर असताना एका लाटेची उंची २५.६ मीटर नोंदली गेली. तिचा माथा सरासरी जलपातळीच्या १८.५ मीटर वर होता. खलाशांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या ‘राक्षसी लाटां’च्या कथांना उपकरणाचा असा निर्विवाद पुरावा प्रथमच मिळाला.

या लाटेचे गुणोत्तर २.१५ च्या आसपास येते. रेले नियमानुसार अशी लाट सुमारे दहा हजार लाटांत एकदा येते. बारा सेकंदांना एक लाट धरली, तर दहा हजार लाटांना ३३ तास लागतात. म्हणजे केवळ उंची पाहिली, तर ही घटना विरळ असली तरी अशक्य कोटीतील नव्हे. माथ्याचा विचार केला की चित्र पालटते. समुद्रपृष्ठ माथ्याकडे आणि दरीकडे सारखेच वागते असे मानणाऱ्या साध्या रेषीय सिद्धांतानुसार इतका उंच माथा वीस-पंचवीस कोटी लाटांतून एखादाच संभवतो. प्रत्यक्षात उंच लाटांचे माथे टोकदार आणि दऱ्या पसरट व उथळ होत जातात. हा अरेषीय परिणाम गणितात धरला नाही, तर माथ्याची उंची कमी अनुमानली जाते. संरचनेचा मजला किती उंचीवर ठेवावा हे माथ्यावरून ठरत असल्याने ही त्रुटी केवळ तात्त्विक राहत नाही.

४. दीर्घकालीन वर्णन : चरम मूल्य सिद्धांत

एका वादळातील लाटांचे वितरण ठाऊक असले, तरी शंभर वर्षांतील सर्वांत प्रखर वादळ कोणते, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर चरम मूल्य सिद्धांतातून शोधले जाते. रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट यांनी १९२८ मध्ये या सिद्धांताचा पाया घातला. एमिल गुम्बेल यांच्या १९५८ च्या ग्रंथाने तो अभियंत्यांपर्यंत पोहोचवला. पुष्कळ स्वतंत्र निरीक्षणांतील कमाल मूल्य घेतले, तर त्या कमाल मूल्यांचे वितरण तीनच प्रकारांपैकी एका प्रकाराकडे झुकते, हे या सिद्धांताचे सार होय. तिन्ही प्रकार एकाच सूत्रात सामावतात. त्या सूत्रात स्थान, विस्तार आणि आकार असे तीन प्राचल असतात. आकार-प्राचल शून्य असता गुम्बेल वितरण मिळते. तो ऋण असता मूल्यांना वरची निश्चित मर्यादा असते. तो धन असता वितरणाची शेपटी जड होते, म्हणजे अतिमोठी मूल्ये तुलनेने वारंवार संभवतात.

या तिसऱ्या प्राचलाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या ठिकाणच्या वार्षिक कमाल लक्षणीय उंचीसाठी स्थान-प्राचल ६ मीटर आणि विस्तार-प्राचल ०.८ मीटर आहे असे समजू. आकार-प्राचल अनुक्रमे उणे ०.१, शून्य आणि अधिक ०.१ घेतल्यास वीस वर्षांच्या पुनरावर्तन काळासाठी उंची ८.१, ८.४ आणि ८.८ मीटर येते. तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच आहेत. शंभर वर्षांसाठी ती ९.०, ९.७ आणि १०.७ मीटर होतात. दहा हजार वर्षांसाठी मात्र ती १०.८, १३.४ आणि १८.१ मीटर इतकी एकमेकांपासून दूर जातात.

वीस वर्षांच्या नोंदींत ही तिन्ही प्रतिमाने जवळपास सारखीच बसतात. केवळ वीस वार्षिक कमाल मूल्यांवरून आकार-प्राचलातील ०.१ इतका फरक विश्वासाने ओळखता येत नाही. म्हणजे ज्या प्राचलावर अंतिम उत्तर सर्वाधिक अवलंबून असते, त्याच प्राचलाविषयी नोंदी सर्वांत कमी सांगतात. संगणकाकडून ‘१३.४ मीटर’ असे दशांशापर्यंतचे नेटके उत्तर मिळते. त्या नेटकेपणामागे कित्येक मीटरांची अनिश्चितता दडलेली असते.

ही अडचण कमी करण्यासाठी काही उपाय योजले जातात. वर्षातून एकच कमाल मूल्य घेण्याऐवजी ठरावीक उंबरठ्यावरील सर्व स्वतंत्र वादळे विचारात घेतली जातात, त्यामुळे माहितीचा अधिक वापर होतो. १९७० च्या दशकात बाल्केमा, डी हान आणि पिकंड्स यांच्या संशोधनाने या पद्धतीस तात्त्विक आधार दिला. परंतु उंबरठा खूप खाली घेतला तर सामान्य लाटा चरम म्हणून मोजल्या जातात, आणि खूप वर घेतला तर नोंदीच उरत नाहीत. निवड अखेरीस विश्लेषकाच्या विवेकावर येते. दुसरा उपाय म्हणजे जुन्या हवामान-नोंदींवरून संगणकीय प्रतिमानाद्वारे गतकाळातील लाटांची पुनर्रचना करणे. युरोपीय हवामान केंद्राची ‘ईआरए-५’ ही अशी माहितीमालिका १९४० पर्यंत मागे जाते. तिच्यामुळे वर्षांची संख्या वाढते. परंतु तिच्या जाळीतील अंतर मोठे असल्यामुळे उष्णकटिबंधीय चक्रीवादळाच्या केंद्राजवळील प्रखर वारे तिच्यात कमी अनुमानले जातात, ही तिची ज्ञात मर्यादा आहे.

५. लाटेपासून भारापर्यंत

लाटेची उंची हा मधला टप्पा होय. संरचनेला प्रत्यक्षात भार सोसावा लागतो. सडपातळ खांबांवरील लाटभार काढण्यासाठी मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९५० मध्ये मांडलेले समीकरण आजही वापरले जाते. त्यात भाराचे दोन घटक मानले आहेत. एक पाण्याच्या त्वरणाशी प्रमाणित जडत्व-घटक, आणि दुसरा वेगाच्या वर्गाशी प्रमाणित कर्षण-घटक. मोठ्या वादळात पोलादी जाळीदार संरचनेवर कर्षणाचे वर्चस्व असते. पाण्याचा वेग स्थूलमानाने लाटेच्या उंचीच्या प्रमाणात वाढत असल्याने भार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंचीतील १० टक्क्यांची चूक भारात सुमारे २१ टक्क्यांची होते. मागील उदाहरणातील १०.८ आणि १८.१ मीटर या दोन उत्तरांतील भारांचे गुणोत्तर जवळजवळ २.८ होते.

याहून गंभीर स्थिती लाटेचा माथा मजल्यापर्यंत पोहोचल्यावर उद्भवते. खांबांच्या जाळीतून लाट बव्हंशी निघून जाते, परंतु मजला ही भिंतीसारखी अखंड बाजू असते. माथा मजल्याला भिडताच भार क्रमाने न वाढता एकदम उसळी घेतो. म्हणूनच चरम माथा आणि मजल्याची खालची बाजू यांच्यात मोकळी जागा राखणे हा अभिकल्पाचा प्रमुख नियम आहे. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात तेल व वायू काढल्यामुळे समुद्रतळ खचत असल्याचे १९८४ मध्ये लक्षात आले. लाटा पूर्वीइतक्याच होत्या, तरी मजले त्यांच्याकडे खाली येत होते. अखेरीस १९८७ मध्ये प्लॅटफॉर्मचे पाय कापून, त्यांत नवे भाग जोडून मजले सहा मीटरने उचलण्यात आले. अभिकल्पातील अनुमान हे एकदाच करून फाईलमध्ये ठेवण्याचे नसून संरचनेच्या आयुष्यभर तपासत राहण्याचे असते, हे या उदाहरणावरून दिसते.

लाटा, वारा आणि प्रवाह यांचे एकत्रित मूल्यमापन हा आणखी एक प्रश्न आहे. शंभर वर्षांची लाट, शंभर वर्षांचा वारा आणि शंभर वर्षांचा प्रवाह हे तिन्ही एकाच क्षणी येतील असे धरणे अतिसावध आणि खर्चिक ठरते. तिघांचा परस्परसंबंध नाही असे मानणे मात्र धोक्याचे आहे, कारण एकच वादळ तिन्ही निर्माण करते. नॉर्वेच्या मानकांत शंभर वर्षांच्या लाटेसोबत शंभर वर्षांचा वारा आणि दहा वर्षांचा प्रवाह घेण्याची तरतूद आहे, ती या दोन टोकांमधील तडजोड होय. तरंगत्या संरचनांबाबत लाटेची उंची आणि आवर्तकाल यांचा संयुक्त विचार अनिवार्य ठरतो. मध्यम उंचीची, परंतु संरचनेच्या नैसर्गिक दोलनकालाशी जुळणारी लाट सर्वांत उंच लाटेपेक्षाही घातक ठरू शकते.

६. जहाजांचा वेगळा प्रश्न

प्लॅटफॉर्म एका जागी उभा असतो, तर जहाज जगभर फिरते. त्यामुळे कोणत्या समुद्रासाठी त्याचा अभिकल्प करावा हा पहिला प्रश्न असतो. प्रचलित नियमांत उत्तर अटलांटिक हा कठोर समुद्र मानदंड म्हणून स्वीकारला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या उद्दिष्टाधारित मानकांनुसार मोठ्या तेलवाहू व सुटा माल वाहणाऱ्या जहाजांसाठी किमान २५ वर्षांचे अभिकल्प-आयुष्य आणि उत्तर अटलांटिकची स्थिती गृहीत धरावी लागते. पंचवीस वर्षांत जहाजाला सुमारे दहा कोटी लाटा भेटतात. म्हणून दहा कोटींत एक इतक्या संभाव्यतेचा भार हा चरम भार मानला जातो.

या लाटांची जुनी माहिती मुख्यतः जहाजांवरील खलाशांनी नजरेने केलेल्या नोंदींतून आली होती. परंतु शहाणा कप्तान वादळ टाळतो. त्यामुळे सर्वांत वाईट समुद्राच्या नोंदी या माहितीत कमी पडतात. वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये आपली शिफारस सुधारताना लाटांची संगणकीय पुनर्रचना आणि जहाजांच्या स्वयंचलित स्थाननोंदी यांचा मेळ घातला. यातून जहाजे प्रत्यक्षात कोणत्या लाटांतून गेली हे कळते. मात्र या पद्धतीत एक गृहीतक सामावलेले आहे, ते म्हणजे भविष्यातही जहाजे वादळ टाळतील. इंजिन बंद पडलेल्या किंवा चुकीचा अंदाज मिळालेल्या जहाजाला ते लागू पडत नाही.

या संदर्भात ‘डर्बीशायर’ या ब्रिटिश जहाजाची दुर्घटना विशेष बोधप्रद आहे. जपानच्या दक्षिणेस सप्टेंबर १९८० मध्ये ‘ऑर्किड’ या चक्रीवादळात लोहखनिजाने भरलेले हे सुमारे २९४ मीटर लांबीचे जहाज धोक्याचा संदेशही न देता बुडाले. त्यावरील सर्व ४४ जण मृत्युमुखी पडले. जहाज बांधून चारच वर्षे झाली होती. मृतांच्या नातेवाइकांनी चौकशीचा पाठपुरावा सोडला नाही. १९९४ मध्ये समुद्रतळाशी जहाजाचे अवशेष सापडले, आणि फेरचौकशीचा अहवाल २००० मध्ये आला. नाळेकडील भागात पाणी शिरून जहाज पुढून खाली झुकले, आणि नंतर पहिल्या मालकोठाराची झाकणे लाटांच्या भाराखाली कोसळली, असा निष्कर्ष त्यात निघाला. या झाकणांसाठी १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात दर चौरस मीटरला १.७५ टन एवढाच अभिकल्प-भार विहित होता. म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर पाण्याचा स्थिर दाब. प्रतिकृती-चाचण्यांतील नोंदींचे चरम मूल्य विश्लेषण जॅनेट हेफर्नन आणि जोनाथन टॉन या सांख्यिकीतज्ज्ञांनी केले. विहित भार ओलांडला जाणे हा अपवाद नव्हता, हे अशा अभ्यासांतून पुढे आले, आणि झाकणांचे नियम कडक झाले. ज्या आकड्यामागील अनुमान कोणी पुन्हा तपासले नव्हते, त्याची किंमत ४४ जणांनी मोजली.

७. अनुमान बदलते तेव्हा : मेक्सिकोचे आखात

मेक्सिकोच्या आखातात चक्रीवादळांच्या नोंदी जगात सर्वांत समृद्ध मानल्या जातात. तरीही २००४ मधील आयव्हन आणि २००५ मधील कॅटरिना व रीटा या वादळांनी तेथील गृहीतकांना धक्का दिला. कॅटरिना व रीटा यांनी मिळून ११३ प्लॅटफॉर्म नष्ट केले. त्यांत जुन्या, कमी उंचीच्या मजल्यांच्या संरचनांचे प्रमाण मोठे होते. माणसे आधीच हलवलेली असल्याने मोठी जीवितहानी टळली. या अनुभवानंतर अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने २००७ मध्ये अंतरिम मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत आखाताचे चार विभाग पाडून मध्य विभागासाठी अभिकल्प-लाटा वाढवण्यात आल्या.

येथे एक तात्त्विक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. वादळे आली म्हणून समुद्र बदललाच असे सिद्ध होत नाही. पूर्वीची अनुमाने ज्या नोंदींवर आधारलेली होती, त्यांत मध्य आखातातील अतितीव्र वादळांचा नमुना पुरेसा नव्हता, हेही तितकेच संभाव्य कारण आहे. दोन-तीन वादळांची भर पडताच शंभर वर्षांची लाट बदलते, यावरून त्या आकड्याची अनिश्चितता किती आहे हे उघड होते. २००४ पूर्वीच्या अनुमानासोबत ती अनिश्चितताही ठळकपणे मांडली असती, तर नवे आकडे कोणासही अनपेक्षित वाटले नसते.

८. अरबी समुद्र : दोन प्रकारच्या वादळांचा प्रश्न

भारताच्या पश्चिम किनाऱ्यासाठी हा विषय प्रत्यक्ष महत्त्वाचा आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. सुमारे ७५ मीटर खोल पाण्यातील तेथील अनेक संरचना आपले मूळ अभिकल्प-आयुष्य पूर्ण करूनही वापरात आहेत. त्यांचे पुनर्मूल्यांकन करताना चरम लाटेचे अनुमान पुन्हा करावे लागते.

अरबी समुद्राचे वैशिष्ट्य असे की, येथे मोठ्या लाटा दोन भिन्न कारणांनी उद्भवतात. नैर्ऋत्य मोसमी वारे दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात मोठ्या लाटा आणतात. त्यांत वर्षागणिक फरक असतो, पण तो मर्यादित असतो. चक्रीवादळे मात्र मुख्यतः मोसमी पावसाच्या आधी व नंतर येतात. एखाद्या विशिष्ट ठिकाणाजवळून ती क्वचितच जातात, परंतु गेल्यास मोसमी लाटांना मागे टाकू शकतात. या दोन्हींच्या नोंदी एकत्र करून त्यांवर एकच वितरण बसवणे सांख्यिकीय दृष्ट्या सदोष ठरते. दरवर्षी येणाऱ्या मोसमी लाटा संख्येने अधिक असल्याने वक्राचा कल त्याच ठरवतात, आणि चक्रीवादळांची जड शेपटी झाकली जाते. दोन्हींचे वितरण स्वतंत्रपणे काढून, दोन्ही प्रकारांत विशिष्ट उंची न ओलांडली जाण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार करणे ही योग्य रीत होय. चक्रीवादळांच्या नोंदी अपुऱ्या असल्यामुळे ज्ञात वादळांच्या गुणधर्मांवरून हजारो कृत्रिम वादळमार्ग संगणकावर निर्माण करण्याची पद्धतही वापरली जाते.

चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आणि गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी तरंगत्या मापकांद्वारे लाटांच्या नोंदी ठेवण्याचे मोलाचे कार्य केले आहे. तथापि वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींत एखाद्या मापकाजवळून तीव्र चक्रीवादळ एकदाही गेलेले नसणे सहज शक्य आहे. अशा मापकाच्या नोंदीत चक्रीवादळ नाही, याचा अर्थ तेथे चक्रीवादळाचा धोका नाही असा होत नाही.

तौक्ते चक्रीवादळाने १७ मे २०२१ रोजी हा धोका प्रत्यक्ष दाखवून दिला. मुंबई हाय परिसरातील ‘पी-३०५’ हे निवासी बार्ज नांगर निसटून वाहत गेले आणि बुडाले. त्यावर अडीचशेहून अधिक लोक होते. त्यांतील साठहून अधिक जणांचा मृत्यू झाला. शेकडो कामगार राहत असलेले तात्पुरते तरंगते निवास आणि कायमचा प्लॅटफॉर्म यांच्या सुरक्षिततेची गणिते वेगळी असतात. कायमची संरचना आपल्या सामर्थ्यावर वादळ सोसते. तात्पुरती नौका वादळाची पूर्वसूचना मिळताच सुरक्षित जागी जाईल, या गृहीतकावर अवलंबून असते. हे गृहीतक हाही अभिकल्पाचाच भाग होय. ते प्रत्यक्षात पाळले जाण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न लाटेच्या उंचीइतक्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे.

याशिवाय, भूतकाळ हा भविष्याचा प्रातिनिधिक नमुना आहे या गृहीतकावर चरम मूल्य सिद्धांताचा संपूर्ण डोलारा उभा आहे. अरबी समुद्राचे पृष्ठतापमान वाढत असून अलीकडच्या दशकांत तेथील चक्रीवादळांची तीव्रता व वारंवारता वाढल्याचे अभ्यासांत नोंदले गेले आहे. २०१९ मधील क्यार, २०२० मधील निसर्ग आणि २०२१ मधील तौक्ते ही लागोपाठची उदाहरणे आहेत. नोंदींचा काळ थोडा असल्याने हा बदल चरम लाटेच्या आकड्यात नेमका किती उतरवावा, हे निश्चित करणे कठीण आहे. प्राचलांना काळानुसार बदलू देणारी प्रतिमाने उपलब्ध आहेत. परंतु प्रत्येक नवा प्राचल तुटपुंज्या नोंदींवर अधिक भार टाकतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पुनरावर्तन काळ हे वार्षिक संभाव्यतेचे माप आहे. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात ‘शंभर वर्षांची’ लाट ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते, ही बाब निर्णयकर्त्यांपुढे स्पष्टपणे मांडली गेली पाहिजे.

२) अनुमानातील अनिश्चितता पुनरावर्तन काळाबरोबर झपाट्याने वाढते. लाटेच्या उंचीतील फरक भारात त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि माथा मजल्याला भिडल्यास त्याहूनही अधिक.

३) लाटा, वारा व प्रवाह यांचा संयुक्त विचार, तसेच मोसमी व चक्रीवादळी लाटांचे स्वतंत्र विश्लेषण, हे अरबी समुद्रासाठी आवश्यक आहे.

४) विहित आकडे कालबाह्य होऊ शकतात. नवी वादळे, खचणारा समुद्रतळ, बदलते हवामान आणि वाढलेले आयुष्य यांनुसार त्यांची पुनर्तपासणी नियमितपणे झाली पाहिजे.

५) वादळ टाळणे किंवा माणसे हलवणे यांसारखी कार्यपद्धतीविषयक गृहीतके अभिकल्पाचा अविभाज्य घटक मानून त्यांचेही मूल्यमापन केले पाहिजे.

चरम भाराचे अनुमान अचूक असू शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. नोंदी कितीही अपुऱ्या असल्या तरी संरचना उभारावीच लागते, आणि त्यासाठी कोणता तरी आकडा निश्चित करावाच लागतो. मात्र तो आकडा ज्या नोंदींवर, ज्या प्रतिमानावर आणि ज्या गृहीतकांवर आधारलेला आहे, त्यांची माहिती त्याच्यासोबत राहिली पाहिजे. ती गळून पडली की अनुमानाला वस्तुस्थितीचे रूप येते आणि त्याची फेरतपासणी थांबते. ‘डर्बीशायर’च्या झाकणांसाठी विहित केलेल्या भाराबाबत नेमके हेच घडले होते. सांख्यिकी आणि अभियांत्रिकी शिकवणाऱ्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना सूत्राबरोबरच त्या सूत्राच्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा हेही शिकवणे, म्हणूनच, समुद्रावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.